फिरत्या घराची पायरी

मुलांनो, अमेरिकेत काही कुटुंबे घरासारख्या मोठ्या गाडीतून प्रवास करतात. तिचे दार उंच असते, म्हणून दाराखाली घडीची लोखंडी पायरी असते. पावसाने ती गंजते. मग ती बदलावी लागते.

नवी पायरी घेण्यापूर्वी जुन्या पायरीची रुंदी आणि बोल्टच्या छिद्रांमधील अंतर मोजा. छिद्रे जुळली नाहीत, तर पायरी बसत नाही. ती किती वजन पेलते, तेही वाचा. अनेक पायऱ्यांवर ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो, अशी मर्यादा लिहिलेली असते.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावा. पायरी विजेवर चालत असेल, तर आधी बॅटरीची तार काढा. नवे बोल्ट घट्ट आवळा. पायरी दाबून, हलवून पाहा. मगच पाय ठेवा. घरातील आजी याच पायरीवर विश्वासाने पाऊल टाकणार आहे!