फळ्यावरच्या तीन ओळी

शाळेची घंटा होते, मुले रांगेत उभी राहतात आणि परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व प्रार्थना झाल्यावर एखादा विद्यार्थी पुढे येतो आणि आजचा शब्द, आजचा सुविचार व आजचे दिनविशेष वाचून दाखवितो. ह्याच तीन ओळी दिवसभर फळ्यावर राहतात आणि दुसऱ्या सकाळी पुसल्या जातात. मुंबई-पुण्याच्या शाळांत जशा त्या लिहिल्या जातात, तशाच चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यातील शाळांतही लिहिल्या जातात. ह्या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. मग त्यापासून लाभ तो कोणता, असे तुमच्या मनात येत असेल. त्याचाच आपण येथे विचार करू.

प्रथम शब्द घेऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचे वर्ग वर्षातून किमान २२० दिवस भरले पाहिजेत. रोज एक शब्द शिकला, तर वर्षाला २२० आणि तीन वर्षांत ६६० शब्द होतात. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपल्या भागातील मुलांना समजावून सांगावी लागत नाही. मालगुजारांच्या काळात बांधलेले तलाव पावसाळ्यात थेंबाथेंबानेच भरतात. परंतु तलाव भरून भागत नाही. पाटाने पाणी शेतात न्यावे, तेव्हाच धान पिकते. शब्दाचेही तसेच आहे. तो वहीत उतरून ठेवला आणि विसरला, तर उपयोग नाही. त्याच दिवशी तो बोलण्यात एकदा, लिहिण्यात एकदा वापरावा. म्हणजे तो आपला होतो.

फळ्यावरचा शब्द नेहमी अवघडच असावा, असे मात्र नाही. 'रोवणी' हा शब्द पाहा. धानाची कोवळी रोपे, म्हणजे पऱ्हे, उपटून चिखल केलेल्या बांधीत लावतात, त्याला आपण रोवणी म्हणतो. कोकणातला शेतकरी ह्याच कामाला लावणी म्हणतो. रोवणी हा शब्द 'रोवणे' ह्या क्रियापदापासून झाला. झेंडा रोवतात, खांब रोवतात. आणि संकटात न डगमगणारा मनुष्य पाय रोवून उभा राहतो. घरातल्या एका शब्दामागून असे किती अर्थ निघाले! बोडी, बांधी, पऱ्हे हे झाडीबोलीतले शब्द गावंढळ नव्हेत. ते आपल्या मातीचे नेमके शब्द आहेत. आपल्या वर्गात माडिया किंवा गोंडी बोलणारी मुले असतील, तर त्यांच्या भाषेतील शब्दही फळ्यावर यावा. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात, हे सर्वांना कळले, तर बोलणाऱ्याचा संकोच जातो आणि ऐकणाऱ्याचे ज्ञान वाढते. जो शब्द कोणी लिहीत नाही आणि पुढे कोणी बोलतही नाही, तो नाहीसा होतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी ओळ सुविचाराची. सुविचार पुष्कळ पाठ असणे आणि तो समजणे ह्यांत अंतर आहे. कोणतेही वचन वाचताना तीन प्रश्न विचारावेत : हे कोण बोलले, केव्हा बोलले आणि कोणापुढे बोलले? एक उदाहरण घ्या. 'करा किंवा मरा' हे तीनच शब्द आहेत. नुसते वाचले, तर ते परीक्षेच्या तयारीसाठी सांगितले असावेत, असेही कोणाला वाटेल. परंतु ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर महात्मा गांधींनी स्वातंत्र्यासाठी हा मंत्र देशाला दिला. दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांना अटक झाली. मंत्र मात्र गावोगाव पोहोचला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आपल्या जिल्ह्यातील चिमूरचे लोक परकीय सत्तेविरुद्ध उठले. काही तरुण गोळीबारात बळी पडले आणि नंतर गावाने लष्कराचा जुलूम सोसला. हे कळल्यावर ते तीन शब्द पूर्वीसारखे राहत नाहीत. म्हणून वचनाखाली बोलणाऱ्याचे नाव लिहावे. आणि ते नाव खरे आहे, ह्याची खात्री आधी करून घ्यावी. कोणाचेही वाक्य कोणाच्याही नावावर खपविणे हा एक प्रकारचा असत्य व्यवहारच होय.

तिसरी ओळ दिनविशेषाची. १२ मार्च १८३३ हा बाबुराव शेडमाके ह्यांचा जन्मदिवस. त्यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड उभारले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. २६ डिसेंबर १९१४ हा बाबा आमटे ह्यांचा जन्मदिवस. वरोऱ्याजवळचे त्यांचे आनंदवन तुम्ही ऐकून असाल. त्यांचे पुत्र प्रकाश ह्यांचा जन्मही २६ डिसेंबरचाच, १९४८ सालचा. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा ते अवघ्या पंचवीस वर्षांचे होत होते. तारखेमुळे असा हिशेब करता येतो, आणि थोर माणसेही एके काळी आपल्यासारखीच लहान होती, हे उमगते.

परंतु सर्वांच्याच जन्मतारखा लिहिलेल्या नसतात. संत तुकारामांचे स्मरण आपण फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला करतो. तो त्यांच्या जन्माचा दिवस नव्हे, प्रयाणाचा होय. इतके दूर कशाला? आपल्या आजोबांचा शाळेचा दाखला पाहा. पुष्कळांच्या दाखल्यावर १ जून किंवा १ जुलै हीच तारीख आढळेल. एवढी मुले एकाच दिवशी कशी जन्मली? घरी कोणी तारीख टिपून ठेवलेली नसे. 'मोह फुलला होता तेव्हा' किंवा 'रोवणीच्या दिवसांत' एवढेच आई सांगू शके. मग नाव दाखल करताना गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची एक तारीख लिहून टाकीत. म्हणजे ज्यांनी हे तलाव राखले, ही शेते पिकविली, त्यांच्या जन्माचा खरा दिवस कोठेच लिहिलेला नाही.

म्हणून वर्गाने आपल्या गावाची एक दिनविशेष-वही करावी. शाळेची पहिली इमारत केव्हा झाली, वीज केव्हा आली, पुलाअभावी गावाचा रस्ता कोणत्या पावसाळ्यात किती दिवस तुटला, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला; तो दिवस आठवणारी माणसे अजून गावात आहेत. त्यांना आजच विचारा. फळ्यावरच्या ओळी रोज पुसाव्याच लागतात. वहीतल्या ओळी मात्र तुमच्यामागून येणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडतील.

स्वाध्याय
१. वचन वाचताना कोणते तीन प्रश्न विचारावेत? का?
२. 'पाय रोवून उभे राहणे' ह्या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
३. तुमच्या घरी बोलले जाणारे, पण पुस्तकात न आढळणारे पाच शब्द अर्थासह लिहा.