इंजिनाचं तेल काय सांगतं?

गॅरेजमध्ये गाडी नेली की मिस्त्री डिपस्टिक बाहेर ओढतो, टोकावरचं तेल अंगठा आणि बोटात चोळतो, नाकाशी नेतो आणि सांगतो, "काळं पडलंय साहेब, बदलायला हवं." या परीक्षेला मी हसत नाही. तेलात डिझेल उतरल्याचा वास किंवा बोटांना लागणारी कचकच अनुभवी माणसाला नक्की कळते. पण नुसत्या काळ्या रंगाला घाबरू नये. डिझेल इंजिनातलं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ज्वलनातून निघणारी काजळी धरून ठेवायची आणि ती कुठे साचू द्यायची नाही, हे त्याचं कामच आहे. खरी बातमी त्या काळेपणाच्या आत असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

ती बातमी वाचणं हा माझा व्यवसाय होता. रेल्वेच्या एका डिझेल शेडच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट म्हणून नोकरी केली. त्या वेळी आमच्याकडे 'डब्ल्यूडीएम-२' जातीची इंजिनं होती. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि पोटात सुमारे ९०० लिटर तेल. आता बहुतेक मार्गांवर विजेची इंजिनं धावतात, पण तेव्हा लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या यांच्याच जिवावर चालत. शेडमध्ये इंजिन आलं की त्याच्या तेलाची एक छोटी बाटली आमच्या टेबलावर यायची.

इंजिन चालताना त्याचे भाग थोडे थोडे झिजतातच. झिजलेल्या धातूचे अतिसूक्ष्म कण तेलात तरंगत राहतात. कोणता धातू वाढला हे कळलं, की कोणता भाग झिजतोय याचा अंदाज बांधता येतो. लोखंड वाढलं तर लायनर किंवा क्रँकशाफ्ट, क्रोमियम वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टन. शिसं, तांबं आणि कथील एकत्र वाढू लागले तर बेअरिंग. सिलिकॉन म्हणजे बहुधा बाहेरची धूळ. सोडियम वाढलं तर थंडाव्यासाठी फिरणारं पाणी तेलात शिरतंय अशी शंका घ्यायची, कारण गंज रोखण्यासाठी त्या पाण्यात सोडियमचे क्षार मिसळलेले असतात.

हे मोजायचं कसं? गॅसवर भात उतू गेला आणि खारं पाणी बर्नरवर पडलं की निळी ज्योत पिवळी होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलंय. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक धातू तापला की आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. आमच्या यंत्रात ग्राफाइटची एक छोटी चकती तेलात फिरायची, तिच्यावरच्या तेलावर विजेची ठिणगी पडायची आणि निघालेल्या प्रकाशातले वेगवेगळे रंग यंत्र मोजायचं. ही पद्धत रेल्वेतूनच पुढे आली. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने १९४६च्या सुमारास डिझेल इंजिनांसाठी ती वापरायला सुरुवात केली. १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने ती विमानांच्या इंजिनांसाठी घेतली.

उत्तर यायचं ते दहा लाख भागांत किती भाग, या मापात. नऊशे लिटर तेलाचं वजन साधारण आठशे किलो. त्यात एखादा धातू दहा भाग आहे म्हणजे सगळा मिळून फक्त आठ ग्रॅम.

या तपासणीला लोक 'इंजिनाची रक्ततपासणी' म्हणतात. उपमा चांगली आहे, पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. रक्ताच्या रिपोर्टवर शेजारी 'सर्वसाधारण प्रमाण' छापलेलं असतं. इंजिनाची तुलना मुख्यतः त्याच्या स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी करायची असते. एका इंजिनात लोखंड वर्षानुवर्षं तीसवर स्थिर राहतं आणि ते ठणठणीत असतं. दुसऱ्यात ते आठवरून वीसवर जातं आणि तेच काळजीचं असतं.

एवढं ठाऊक असूनही मी एकदा चुकलो. नोकरीला तीन वर्षं झाली होती. एका इंजिनात शिशाचे आकडे ओळीने पाच, सहा, सहा असे येत होते. एके दिवशी चौदा आला. मी फोरमनना सांगितलं. ते म्हणाले, "आज रात्री याला गाडी आहे. एका आकड्यावर इंजिन कसं रोखू? पुढचा नमुना बघा." म्हणणं अवाजवी नव्हतं. चार दिवसांनी इंजिन परत आलं, नमुना घेतला, आकडा आला पंधरा. चौदाचे पंधरा म्हणजे वाढ थांबली, असं समजून मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'लक्ष ठेवावे'. इंजिन पुन्हा गाडीला लागलं. दुसऱ्याच दिवशी मधल्या सेक्शनमध्ये मेन बेअरिंग जळालं. गाडी भर उन्हात कित्येक तास उभी राहिली आणि क्रँकशाफ्ट निकामी झाला.

मला कोणी बोललं नाही, कारण कागदावर सगळं ठीक होतं. पण मला चैन पडेना. मी इंजिनावर काम करणाऱ्या खलाशाला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तेल फार उतरलं होतं. गळती होती. आम्ही नमुन्याच्या आधी एक बॅरल नवं तेल घातलं." एक बॅरल म्हणजे दोनशे लिटर. मी तिथेच गणित केलं. गळलेलं तेल आपल्याबरोबर शिसंही घेऊन गेलं होतं. उरलेल्या सातशे लिटरमध्ये दोनशे लिटर कोरं तेल मिसळून पंधरा आले, म्हणजे मिसळण्याआधी आकडा एकोणीसच्या वर होता. सहा, चौदा, एकोणीस! हे आधी दिसलं असतं तर मी इंजिन हलूच दिलं नसतं. "मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. "कुणी विचारलंच नाही, साहेब." त्या आठवड्यात मी नमुन्याच्या चिठ्ठीवर 'मधल्या काळात घातलेले तेल, लिटर' असा रकाना वाढवून घेतला.

उलट बाजूनेही फसगत होते. दुरुस्तीत सांधे बसवताना सिलिकॉनचा लेप वापरतात. तो तेलात उतरला की सिलिकॉनचा आकडा उगाच उडी मारतो. नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलात धातू जास्त निघतात, तेही स्वाभाविक. आणि ठिणगीच्या यंत्राला फक्त बारीक कण दिसतात. बेअरिंगचा मोठा तुकडा उडाला तर तो यंत्राला चुकवून जातो. म्हणून फिल्टर कापून आत काय अडकलंय ते पाहणं आजही सुटलेलं नाही.

सगळ्याच चाचण्यांना महागडं यंत्र लागतं असंही नाही. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर तेलाचा थेंब टाकायचा. फोडणीत पाण्याचा थेंब पडल्यासारखं तडतडलं तर तेलात पाणी आहे. दाटपणाही मोजतात. डिझेल मिसळलं तर तेल पातळ होतं, काजळी फार झाली तर घट्ट होतं.

मग आपल्या घरच्या गाडीचं तेल तपासायला पाठवावं का? माझं मत विचाराल तर छोट्या मोटारीसाठी सहसा नको. तीन-चार लिटर तेल वेळेवर बदललेलं बरं. ट्रक, बस, जेसीबी, जनरेटर किंवा मच्छीमारी ट्रॉलर असेल तर मात्र जरूर विचार करावा. मोटारवाल्यांनी डिपस्टिकवरची पातळी बघावी. ती कमी होते हे सगळ्यांना कळतं, पण न घालता वाढली तर जास्त काळजी करावी, कारण आत डिझेल किंवा पाणी शिरतंय. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या शहरात सतत जवळच्या फेऱ्या मारत असतील, तर धुराड्यातला काजळीचा फिल्टर साफ करताना जादा सोडलेलं डिझेल तेलात उतरू शकतं.

माझा भाचा खडी वाहणारा ट्रक चालवतो. ट्रक तेल खायला लागला आणि मिस्त्रीने इंजिनाचं काम काढायला सांगितलं. "मामा, बघा ना जरा," म्हणून तो आला. इंजिन गरम असताना, तेलाच्या मधल्या पातळीतून, कोरड्या स्वच्छ बाटलीत नमुना घ्यायला मी त्याला शिकवलं. तळाचा गाळ घ्यायचा नाही. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला तेव्हा सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि लोखंड तिन्ही चढलेले होते. धूळ कुठून तरी आत जात होती. एअर फिल्टर नवाच होता. फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीला खालच्या बाजूने, सहज दिसणार नाही अशी, बोटभर चीर निघाली. नळी बदलली. पुढच्या दोन नमुन्यांत सिलिकॉन उतरलं, मग लोखंडही. इंजिन उतरवावं लागलं नाही. रिंगा मात्र झिजल्या त्या झिजल्याच. तो अजून अधूनमधून अर्धा-पाऊण लिटर तेल घालतो, आणि किती घातलं ते केबिनमधल्या वहीत लिहून ठेवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)