गरोदरपणाचे पहिले आठवडे
गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकते तेव्हा साधारण चार आठवडे झालेले असतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास मळमळू लागते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लहानपणापासून ओळखीचा, तव्यावरच्या बांगड्याचा वासही मग नकोसा होतो. थोडे थोडे, वारंवार खाल्ल्याने बरे वाटते. बहुतेकींचा त्रास चौदाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. थकवा, स्तनांचा दुखरेपणा नेहमीचाच.

बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया याच काळात, फार लवकर घातला जातो. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी रोज हवी, खरे तर गर्भधारणेआधीपासूनच. आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करावी. रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र कळ किंवा भोवळ आल्यास 108 ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.