चालू किती, बंद किती : जुन्या कॅमेऱ्यांचा नागपुरी नाद

जुने फिल्म कॅमेरे जमवणाऱ्या माणसाला ‘किती झाले?’ असं विचारलं, की तो बहुधा दोन आकडे सांगतो. एक एकूण कॅमेऱ्यांचा आणि दुसरा, जरा आवाज चढवून, चालू कॅमेऱ्यांचा. नाणी किंवा टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना हा दुसरा आकडा नसतो. नाणं हाती आलं की संग्रहात जाऊन बसतं. कॅमेरा हाती आला की काम सुरू होतं. शटर पडतंय का, एक सेकंदाचा वेग खरंच सेकंदभर टिकतो का, लेन्सच्या आत बुरशी धरली आहे का, रोल पुढे सरकतो का, हे सगळं बघावं लागतं. तीस-चाळीस वर्षं गप्प पडलेलं यंत्र टेबलावर उघडावं, वाळून चिकट झालेलं ग्रीस काढावं आणि खटका दाबल्यावर आतून स्वच्छ ‘टक्’ ऐकू यावं, हा आनंद ज्याला एकदा मिळाला तो एका कॅमेऱ्यावर थांबत नाही. मी थांबलो नाही आणि माझ्या ओळखीतलं कुणी थांबलेलं नाही.

नागपुरात हा नाद लागायला निमित्तं भरपूर. इथल्या जुन्या वस्त्या वारांची नावं घेऊन बसल्या आहेत: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. बाजार हा या शहराचा स्वभाव आहे. पण बाजारात कॅमेरे का निघतात, याचं कारण थोडं मागे जाऊन शोधावं लागतं. नागपूर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची आणि मग १९५६पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. सचिवालय, हायकोर्ट, वनखातं, रेल्वे आणि शेजारी १८२१ सालापासूनची कामठीची छावणी. कॅमेरा विकत घेऊ शकणारा आणि बदली झाली की सामान कमी करणारा नोकरवर्ग इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. सिव्हिल लाइन्स, धंतोली, सदर इथल्या जुन्या बंगल्यांचे माळे रिकामे होतात तेव्हा पितळी भांड्यांबरोबर एखादा घडीचा कोडॅक किंवा बॉक्स कॅमेराही खाली उतरतो. विकणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं: ‘चालू आहे न जी, फक्त रोल टाका.’

त्याच १९५६मध्ये, राजधानी जाण्याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या सोहळ्याची कृष्णधवल छायाचित्रं आज विदर्भातल्या असंख्य घरांच्या भिंतींवर आहेत. ती कुठल्या ना कुठल्या कॅमेऱ्यातून, कुणाच्या तरी बोटाखालून आली. पन्नासच्या दशकातला एखादा रोलीकॉर्ड हातात आला की हा कॅमेरा त्या गर्दीत होता का, असं मनात येतंच. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, तरी विचारणं सुटत नाही.

नवा संग्राहक सुरुवातीला लायकाची स्वप्नं बघतो. ते समजण्यासारखं आहे. ऑस्कर बर्नाकनं जर्मनीतल्या वेट्झलार गावी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात घातली, १९२५ साली लायका बाजारात आला आणि छायाचित्रकाराच्या खिशात कॅमेरा मावू लागला. बर्नाकच्या स्वतःच्या वापरातला, १०५ क्रमांकाचा लायका २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. पण नागपूरच्या बाजारात ‘लायका’ म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुधा सोव्हिएत संघातलं असतं. खारकिवचा ‘फेड’ आणि क्रास्नोगोर्स्कचा ‘झोर्की’ हे दोन्ही लायकाच्या नकलेतून जन्मलेले. पुढे कुणी तरी त्यांवरची नावं घासून ‘लायका’ कोरतो, गरुड कोरतो, सोनेरी मुलामा देतो. ओळखायची खूण सोपी आहे. लेन्स फिरवून काढा आणि आत डोकवा. रेंजफाइंडरला जोडलेल्या दांडीच्या टोकाला खऱ्या लायकात गोल चाक असतं. फेड-झोर्कीत तिथे तासलेलं चपटं टोक असतं. तरीही मी म्हणेन की झोर्की झोर्कीच्या नावानं मिळाला तर जरूर घ्यावा. तो दणकट आहे, दुरुस्त होतो आणि उत्तम फोटो काढतो. त्याच्यावर खोटं नाव कोरणं हा त्याचाच अपमान आहे.

रशियन कॅमेरे इथे इतके का, तर सोव्हिएत संघाशी आपला व्यापार रुपयांत चालायचा. जर्मन-जपानी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक बंधनं होती तेव्हा झेनिट मात्र मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात होता. त्याच्याबरोबर येणारी हेलिओस ४४ ही ५८ मिलिमीटरची लेन्स आज जगभरच्या तरुणांनी डोक्यावर घेतली आहे. तिची मूळ रचना झाइसच्या युद्धपूर्व बायोटारची. उघड्या छिद्रावर फोटो काढला की मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात. अंबाझरीच्या काठी झाडांच्या पार्श्वभूमीवर तिच्यानं एखादा चेहरा टिपून बघा. नव्या लेन्सच्या निर्दोष धारेपुढे ही सदोष भोवरी मला जास्त जिवंत वाटते.

लेन्सचा नाद हा कॅमेऱ्याच्या नादाहून वेगळा आणि जास्त चिवट. मिररलेस कॅमेरे आले आणि त्याला बळ मिळालं. जुन्या स्क्रू माउंटच्या लेन्सला फिल्मपासून साडेपंचेचाळीस मिलिमीटर अंतर लागायचं. नव्या सोनीत माउंटपासून सेन्सरपर्यंत १८ मिलिमीटरच असतात. उरलेल्या जागेत धातूची एक साधी पोकळ कडी बसवली की पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. मग एकेक लेन्स कशी चित्र काढते हे पारखायची चटक लागते. तीन भिंगांची कुक ट्रिपलेट १८९३ची, झाइसची टेसार १९०२ची. स्वस्त घडीच्या कॅमेऱ्यांपासून महागड्या रोलीपर्यंत याच दोन रचनांच्या लेकी-नाती सापडतात. दोघींनी त्याच संध्याकाळी, त्याच खिडकीपाशी, त्याच माणसाचे फोटो काढावेत आणि शेजारी ठेवून बघावेत. फरक सांगता येत नाही, पण दिसतो.

आता नागपूरच्या हवेविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण इथल्या संग्राहकाची खरी लढाई तिच्याशी आहे. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो. त्या उष्म्यात लेन्सच्या फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होऊन झिरपतं आणि छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर येऊन बसतं. पाती जड होतात, चिकटतात. जुन्या लेन्सची भिंगं कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या चिकानं जोडलेली असतात. उष्णतेनं तो सांधा सुटू लागला की कडेला इंद्रधनुषी डाग उमटतात. घडीच्या कॅमेऱ्याचा चामडी भाता कोरडा पडून कोपऱ्यांवर तडकतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स झाकण न लावता उन्हाकडे राहिली, तर भिंगातून एकवटलेलं ऊन शटरच्या कापडी पडद्याला बारीक भोकच पाडतं.

मग घरात कूलर लागतो. कोरड्या लूपासून सुटका होते, पण ओल्या ताट्यांमधून येणारी हवा कपाटापर्यंत ओल नेते. कूलरचे दोन-अडीच महिने आणि त्यापाठोपाठचा पावसाळा मिळून लेन्सला फंगस लागायला आदर्श वातावरण तयार होतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. वेळीच उघडून पुसलं तर जातात. उशीर झाला तर काचेवरचा लेप कायमचा खातात. म्हणून नागपुरात कॅमेरा कूलरच्या खोलीत ठेवू नये आणि त्याच्या मूळच्या देखण्या चामडी कव्हरात तर मुळीच ठेवू नये, कारण चामडं ओल धरून बसतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की तापवून कोरडे करायचे. महिन्यातून एकदा प्रत्येक शटर सगळ्या वेगांवर चालवायचं आणि ताणलेलं शटर तसंच ठेवून द्यायचं नाही.

पण हेच ऊन एका बाबतीत वैद्यही आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही उत्तम लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेलं असे. पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर, १.४च्या टाकुमारमधली काच हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. थोरियमच्या किरणोत्सर्गानं ती काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते आणि चहाच्या रंगापर्यंत पोचते. उपाय एकच: अतिनील किरण. लेन्स उन्हात काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो. परदेशातले लोक यासाठी खास दिवे विकत आणतात. आपल्याकडे हिवाळ्यातलं सकाळचं ऊन पुरतं. मे महिन्याचं नको, कारण वर सांगितलेलं ग्रीस.

लाइट मीटरचं दुखणं वेगळं. ऑलिम्पस ओएम-१सारखे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. दीड व्होल्टचा साधा सेल घातला तर मीटर चुकतो. त्यावर जाणकारांनी शोधलेली तोड म्हणजे कानाच्या यंत्रातला ६७५ नंबरचा सेल. त्याचा दाब १.४ व्होल्टच्या आसपास असतो. कॅमेऱ्यासाठी श्रवणयंत्रांच्या दुकानात जाणारी माणसं हल्ली वाढली आहेत.

या सगळ्या प्रेमात ज्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं ते आपले स्वतःचे कॅमेरे, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितो आहे. आग्फा क्लिक थ्री बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार व्हायचा. काळं प्लास्टिक, एक साधं भिंग, १२० रोलवर बारा चौकोनी फोटो. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत पहिलं बारसं, शाळेची सहल, पंढरपूरची वारी, शेतात आलेला ट्रॅक्टर यांचे फोटो त्यातूनच निघाले. बाजारात तो आजही अगदी स्वस्तात मिळतो, म्हणून कुणी जपत नाही. कोलकात्यात जादवपूरच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सनं ‘नॅशनल ३५’ बनवला. उदगमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सनं १९६७पासून ‘इंदू’ नावानं फिल्म आणि कागद बनवला. इंदूचं रिकामं खोकं आज क्लिक थ्रीपेक्षा दुर्मीळ झालं आहे.

आणि स्टुडिओंमधले ते मोठे लाकडी कॅमेरे. केरळात आळप्पुळा इथे के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात सागवानी लाकूड आणि पितळी कड्या-खिट्ट्यांचा ‘वागीश्वरी’ कॅमेरा बनवायला सुरुवात केली आणि तो देशभरच्या स्टुडिओंत पोचला. डोक्यावर काळं कापड घेऊन उलट दिसणारं चित्र जुळवणारा तालुक्याच्या गावचा फोटोग्राफर पुष्कळदा याच कॅमेऱ्यामागे उभा असे. आज हे कॅमेरे हॉटेलांत आणि कॅफेत शोभेला उभे आहेत. लेन्स काढून विकलेली, पितळ घासून चकचकीत केलेलं, भात्याच्या जागी रेक्झिन. एक चालू वागीश्वरी दहा शोभेच्या लायकांपेक्षा मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे. लायका जगात कुठेही सुरक्षित राहील. वागीश्वरी आपण ठेवली नाही तर कुणीच ठेवणार नाही.

मराठी माणसाला कॅमेरा उघडून बघायची खोड फार जुनी आहे. १८५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीत भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी सक्रिय होते. मुंबईत स्टुडिओ चालवणाऱ्या सावे दादांनी लंडनहून २१ गिनींना चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. दादासाहेब फाळके सिनेमाआधी गोध्र्यात फोटोग्राफर होते. सर्वांत पुढचं पाऊल कोल्हापूरचं. बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास स्वतःच सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि त्यावर १९२०चा ‘सैरंध्री’ उतरवला. जुनं शटर सोडवताना पेचकस हातात घेणारा प्रत्येक जण बाबूरावांचा लांबचा वारस आहे, असं मला मनापासून वाटतं.

संग्रह किती वाढू शकतो याचं उदाहरण मुंबईत आहे. पत्रकार-छायाचित्रकार दिलीश पारेख यांच्या नावावर ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांचा गिनीज विक्रम आहे. आदित्य आर्य यांनी आपल्या संग्रहाचं गुरुग्राममध्ये ‘म्युझिओ कॅमेरा’ या नावानं २०१९मध्ये मोठं संग्रहालय केलं. विदर्भात असं काही नाही. अजब बंगला, म्हणजे आपलं १८६३चं मध्यवर्ती संग्रहालय, शिलालेखांपासून पेंढा भरलेल्या प्राण्यांपर्यंत सगळं सांभाळत आलं आहे. तिथे एक कपाट मध्य प्रांतातल्या स्टुडिओंचं, त्यांच्या कॅमेऱ्यांचं, काचेच्या निगेटिव्हचं असायला काय हरकत आहे?

दरम्यान फिल्म महागली. ३६ फोटोंचा रंगीत रोल, धुणं आणि स्कॅन धरून हजाराच्या पुढे जातो. तरी तरुण येत आहेत. पेंटॅक्सनं २०२४मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला तो त्यांच्याच भरवशावर. या मुलांना मी एकच काम सांगतो. कॅमेरा घेताना विकणाऱ्याशी भावाची घासाघीस करा, पण नंतर पाच मिनिटं थांबून विचारा: कुणाचा होता, त्या घरात काय करायचे, कुठल्या दुकानातून घेतला, शेवटचा रोल कधी टाकला. उत्तरं चिठ्ठीवर लिहून मागच्या झाकणात ठेवा. आत रोल असेल तर झाकण उघडण्याआधी अंधाऱ्या खोलीत जा, कारण त्यावर त्या घराचे फोटो असू शकतात, आणि ते निघाले तर त्या घरी पोचवा. शटर दुरुस्त करणारे जे मोजके कारागीर शहरात उरले आहेत त्यांच्याजवळ बसा, त्यांचे हात कसे चालतात याचं मोबाइलवर चित्रण करा. सुटे भाग बंद कॅमेऱ्यांतून मिळतात. स्प्रिंगला नेमका किती ताण द्यायचा, ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक आहे.