खेळण्यातल्या यंत्रावर बनलेली लेन्स

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरता? मग ओटो विख्टर्ले हे नाव माहीत असायलाच हवं.

प्रागचे हे पॉलिमर-रसायनशास्त्रज्ञ. १९५०च्या दशकात त्यांनी आणि द्राहोस्लाव लीम यांनी ‘पॉलिहेमा’ हे हायड्रोजेल तयार केलं. कोरडं असताना कडक. पाण्यात टाकलं की फुगून मऊ, लवचिक आणि तरीही पारदर्शक. त्यात जवळजवळ ४० टक्के पाणी मावतं, पण हे जेल विरघळत नाही, कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. शरीराला खुपणार नाही असा पदार्थ मुद्दाम घडवायचा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती!

त्याची लेन्स मात्र जमेना. साच्यातून काढताना कडा फाटायच्या. सरकारनेही हात आखडता घेतला. मग १९६१च्या नाताळात विख्टर्लेंनी घरीच मुलांच्या ‘मेर्कुर’ खेळण्याच्या पट्ट्या, सायकलचा डायनॅमो आणि घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडून यंत्र उभं केलं. गरगर फिरणाऱ्या साच्यात द्रव मोनोमर, म्हणजे पॉलिमरचा कच्चा माल, सोडायचा. तो कडेकडे पसरतो आणि त्याच आकारात घट्ट होतो. वेग बदलला की वक्रता बदलते. पहिल्या चार लेन्स अशा निघाल्या.

पुढे या शोधाचे हक्क अमेरिकेत विकले गेले, १९७१ मध्ये तिथे लेन्सना मान्यता मिळाली. विख्टर्लेंच्या पदरात पैसा फारसा पडला नाही.

आणि हो, हा पदार्थ पाणी शोषतो आणि त्यातले जंतूही धरून ठेवू शकतो, म्हणून लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका.