आंतरराष्ट्रीय एक मीटर नौकावर्ग

आंतरराष्ट्रीय एक मीटर (संक्षेपाने आयओएम) हा रेडिओ-नियंत्रित शिडाच्या छोट्या नौकांचा एक शर्यतवर्ग आहे. या नौकेत कोणी बसत नाही. काठावर उभा असलेला चालक हातातील रेडिओ-प्रेषकाने तिचे सुकाणू व शिडे हलवतो. कवचाची, म्हणजे नौकेच्या मुख्य अंगाची, लांबी जास्तीत जास्त १००० मिलिमीटर असते. त्यावरून वर्गाला हे नाव पडले. घरी बांधलेल्या लाकडी नौकेला विकतच्या नौकेशी बरोबरीने शर्यत करता यावी, असा या वर्गाच्या नियमांचा रोख आहे.

इतिहास

प्रतिकृती नौकांच्या जुन्या वर्गांपैकी अमेरिकेतील मार्बलहेड येथे १९३० मध्ये सुरू झालेल्या वर्गात लांबी (५० इंच) व शिडांचे क्षेत्रफळ (८०० चौरस इंच) यांवर मर्यादा होती. इतर बाबतींत बरेच स्वातंत्र्य होते. त्यामुळे पुढे हलके व महाग साहित्य वापरणाऱ्या नौका वरचढ ठरू लागल्या. दरम्यान निरनिराळ्या देशांत एक मीटर लांबीच्या नौकांचे वेगवेगळे नियम प्रचारात आले होते. त्यांत एकवाक्यता आणण्यासाठी १९८८ मध्ये या वर्गाची स्थापना झाली.

नियम

• किमान वजन : ४००० ग्रॅम
• कमाल बुडी (पाण्याखालील खोली) : ४२० मिलिमीटर
• कणा व नीरम यांचे एकत्रित वजन : २२०० ते २५०० ग्रॅम
• सुकाणूचे कमाल वजन : ७५ ग्रॅम
• शीडसंच : ठरावीक मापांचे तीन

कणा म्हणजे कवचाखाली बसवलेली उभी पाती. तिच्या टोकाशी शिशाचे नीरम (तोल राखणारे भारवजन) असते. कवचात कार्बन तंतू वापरण्यास मनाई आहे. कणा व सुकाणूत मात्र ते चालतात.

वजनाचे हे नियम एकमेकांना पूरक आहेत. कवच कितीही हलके केले तरी वाचलेले वजन २५०० ग्रॅमच्या मर्यादेपलीकडे नीरमात घालता येत नाही आणि एकूण वजनही ४००० ग्रॅमखाली नेता येत नाही. कमी पडणारे वजन नौकेत जोडावेच लागते. त्यामुळे अतिहलक्या कवचाचा लाभ मर्यादित राहतो व काळजीपूर्वक बांधलेले लाकडी कवच मागे पडत नाही. कवचाचा आकार ठरवण्यास मात्र मोकळीक आहे. ब्रॅड गिब्सन यांचा ‘ब्रिटपॉप’ हा या वर्गातील एक गाजलेला आराखडा होय.

बांधणी

घरगुती बांधणीत आराखड्यातील आडव्या छेदांनुसार प्लायवुडचे साचे कापून सपाट फळीवर ओळीने उभे करतात. त्यांवर बाल्सा किंवा सीडरच्या पातळ पट्ट्या चिकटवून कवच तयार करतात, घासून गुळगुळीत करतात व त्यावर काचतंतूंचे कापड इपॉक्सी राळेने बसवतात. राळ जादा झाल्यास वजन वाढते. कमी पडल्यास लाकडात पाणी शिरते. कणा कवचाच्या मध्यरेषेत अचूक बसणे सर्वांत महत्त्वाचे असते. तो किंचित तिरपा बसला तरी नौका एका बाजूला ओढली जाते आणि सुकाणूने ती सतत सावरावी लागल्याने वेग घटतो.

शर्यत

शर्यती नौकानयनाच्या सर्वसाधारण नियमांनुसारच होतात. रेडिओ-नियंत्रित नौकांसाठीचे बदल त्या नियमांच्या ‘ई’ परिशिष्टात दिले आहेत. उदाहरणार्थ, वळणखुणेभोवतीचे क्षेत्र तीनऐवजी चार नौकालांबींचे धरतात आणि नियमभंग झाल्यास सामान्यतः एक पूर्ण वळसा घेऊन चूक भरून काढता येते. पहिल्या क्रमांकास एक गुण, दुसऱ्यास दोन अशी मोजणी असल्याने सर्वांत कमी गुण मिळवणारा विजेता ठरतो. वारा वाढल्यास चालक लहान शीडसंच चढवतात. तो केव्हा बदलावा याचा निर्णय चालकाचाच असल्याने, बांधणीइतकीच वाऱ्याची जाणही निकालावर परिणाम करते.