वातावरण आणि जलावरण : डहाणूच्या खाडीवरून

'वातावरण व जलावरण यांतील फरक स्पष्ट करा' हा भूगोलातील नेहमीचा प्रश्न. पहिले वायूंचे व दुसरे पाण्याचे, असे लिहून विद्यार्थी मोकळे होतात. उत्तर चूक नाही. परंतु आगरसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात राहणाऱ्यांनी ते एवढ्यावरच सोडू नये, असे आम्हांस वाटते.

वातावरणात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन आहे. उंच जावे तसे ते विरळ होत जाते. त्याला वरचा ठळक काठ नाही. जलावरणात समुद्र, नद्या, तळी, बर्फ आणि आपल्या विहिरींचे भूजलही येते. त्यातील सुमारे ९७ टक्के पाणी समुद्राचे, म्हणजे खारे. एक असले की दुसरे असतेच असेही नाही. शुक्राचे वातावरण आपल्या सुमारे नव्वद पट दाबाचे आहे, पण तेथे समुद्राचा थेंब नाही.

आता भाराचा हिशेब पाहू. आपल्या डोक्यावर आकाशापर्यंत जेवढी हवा आहे, तिचा भार अवघ्या दहा मीटर खोल पाण्याइतका भरतो. उष्णतेच्या बाबतीत तर समुद्राचा वरचा दोन-तीन मीटरचा थरच सगळ्या वातावरणाला भारी पडतो. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. म्हणून उन्हाळ्यात तलासरीकडे जमीन भाजून निघत असताना दुपारी डहाणूच्या किनाऱ्यावर खारे वारे वाहतात.

दोन्ही आवरणांत देवघेव अखंड चालते. हवेतील सगळी वाफ एकदम खाली आली तरी पृथ्वीभर सरासरी २५ मिलिमीटरच थर होईल. आपल्याकडे आषाढात एका दिवसात याहून अधिक पाऊस पडतो! कारण वाफ नऊ-दहा दिवसांतच खाली येते आणि समुद्र पुन्हा भर घालतो. मीठ मात्र मागेच राहते. मिठागर चालते ते याच नियमावर.

हा फरक प्रत्यक्ष पाहायचा तर डहाणूच्या खाडीवरील औष्णिक विद्युत केंद्राकडे वळावे. ५०० मेगावॅटचे हे केंद्र १९९५ साली सुरू झाले. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड निघतो. तो ओलाव्यात मिसळून आम्ल होतो, आणि चिकूच्या बागायतदारांना त्याचीच धास्ती होती. १९९१ सालीच केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने आग्रह धरला, आणि धुरातील गंधक काढणारी यंत्रणा अखेर २००७ साली सुरू झाली.

ही यंत्रणा समुद्राचे पाणी वापरते. धूर पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की वायू त्यात विरघळतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने आम्ल मारले जाते. मग त्यात हवा सोडली की गंधकाचे सल्फेट होते, जे समुद्रात मुळातच भरपूर आहे. थोडक्यात, वातावरणात जाणारी वस्तू जलावरणाकडे वळवली जाते.

सौदा वाईट नव्हे, असे आमचे मत आहे. वारा गंधक कोणाच्या बागेत नेईल हे कोणाच्या हाती नाही, आणि आम्ल पचवण्याची समुद्राइतकी ताकद हवेत नाही. पण खाडी म्हणजे उघडा समुद्र नव्हे. तेथे पाणी भरती-ओहोटीनुसार ये-जा करते. उष्ण किंवा आम्लयुक्त पाणी आत आले तर त्याची पहिली झळ तिवरांत वाढणाऱ्या मासळीच्या पिलांना. तेव्हा चिमणीच्या टोकाशी वायू मोजून भागत नाही. खाडीच्या पाण्याची आम्लता, तापमान व विरघळलेला ऑक्सिजनही, ओहोटीच्या वेळी, तपासावा लागतो.